वायएमसीएची मुलाखत

भाच्याला मुंबईच्या वायएमसीएतून मुलाखतीचं बोलावणं आलं आणि घोकंपट्टी मी सुरू केली. स्थापना १८४४, लंडन. संस्थापक जॉर्ज विल्यम्स, कापडदुकानातला नोकर. (आम्हा कारकुनांना केवढा धीर!) बास्केटबॉल १८९१, व्हॉलीबॉल १८९५, दोन्ही अमेरिकेतल्या वायएमसीएचीच अपत्यं.

दोन वर्षं पोरगा बेकार, असं मी अख्ख्या संगमनेरला सांगत होतो. रोज संध्याकाळी प्रवरेकाठी तो पोरांना कबड्डी शिकवी, ते आमच्या खतावणीत कधी जमेला धरलंच नव्हतं.

"मामा, सनावळी विचारलीच नाही. संध्याकाळी काय करतोस, एवढंच विचारलं."

नोकरी लागली. आता संध्याकाळी पोरं आमच्या दाराशी येतात, "दादा कधी येणार?"

मला फक्त सनावळी येते.