आमचा उलटा धोतरा

आमच्या न्हाणीमागे एक झाड आहे. त्याला आम्ही उलटा धोतरा म्हणतो. रस्त्याकडेच्या धोतऱ्याचे फूल वर बघते, याचे खाली तोंड करून लोंबते. माझा मामा पाचगणीला एका बंगल्यात माळी आहे. जून २०२४ मध्ये त्याने एक जाड फांदी आणून दिली व म्हणाला, "फुलं वीतभर येत्यात बघ."

फांदी जगली. न्हाणीच्या पाण्यावर पाने माझ्या पाटीएवढी झाली, पण फूल काही येईना. आजी तुळशीचा शेंडा खुडते, मग तिला फांद्या फुटतात. म्हणून मीही शेंडा खुडला. बाजूने फांद्या आल्या, त्यांचेही शेंडे खुडले. दिवाळी गेली, शिमगा गेला. आजी म्हणाली, "नुसता पाला. शेरडंबी तोंड लावत न्हाईत."

शेवटी मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "हे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतले. तिथल्या रानात आता ते आपोआप उगवलेले सापडत नाही, माणसांनी लावलेले तेवढेच उरले. पण ते मिरचीच्या कुळातले आहे. मिरचीला पहिले फूल कुठे येते ते बघून ये."

आजीच्या मिरच्या नुकत्याच फुलात आल्या होत्या. मी वाकून पाहिले. पहिले फूल बेचकीत! तिच्या खाली एकही नाही. आमच्या झाडाचेही तसेच असते. दांडा उंच वाढून शेंड्यालाच आपोआप दोन फाटे फुटले की मग फुले लागतात. मी खुडून खुडून ती वेळ येऊच देत नव्हते!

२०२५ च्या पावसाळ्यात मी शेंड्याला हात लावला नाही. एक फांदी माझ्या डोक्याच्या वर गेली आणि तिला बेचकी फुटली. मग एक गंमत दिसली. बेचकीखालचे पान देठापाशी दोन्ही बाजूंनी सारखे असते. वरच्या पानाची एक बाजू जास्त खाली उतरते, सदऱ्याची गुंडी चुकल्यावर दिसते तशी.

भित्तिपत्रकासाठी मी दोन्ही पाने तोडली आणि तसाच डोळा चोळला. संध्याकाळी माझ्या उजव्या डोळ्याची बाहुली ही मोठी झाली, डावी होती तेवढीच. अक्षरे पुसट दिसू लागली. आई तर रडायलाच लागली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "याचा रस डोळ्यात गेलाय. पान, फूल, बी, सगळं विषारी असतं." डोळा बरा व्हायला तीन दिवस लागले.

घरी आल्यावर आजीने कुदळ घेतली. मी आडवी झाले. म्हटले, "आजी, बेचकी फुटलीय गं. बेचकी फुटल्यावर तू मिरची उपटशील का?" आजीने वर पाहिले. बेचकीत बोटाएवढी हिरवी कळी होती. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "गणपतीपर्यंत ठिवते." माझा भाऊ दोन वर्षांचा आहे, दिसेल ते तोंडात घालतो. म्हणून बाबांनी भोवती बाभळीच्या काट्या लावल्या.

गणपती बसायच्या आदल्या दिवशी फूल उघडले. बाबांनी मला उचलले. मी हात न लावता पट्टी धरली, २८ सेंटिमीटर! दिवसा त्याला वास नसतो, तिन्हीसांजेला घमघमाट सुटतो. आजी तेव्हा न्हाणीच्या दगडावर जाऊन बसते. कुदळ गोठ्यातच आहे.

पाने इथे चिकटवायची होती, पण गुरुजी नको म्हणाले. म्हणून चित्र काढले आहे. चित्राला हात लावला तरी चालेल.