खरी नक्कल

पाठ्यपुस्तकांची भाषांतरं होतात, नियमांची होत नाहीत. हे मी म्हैसूरला लागून असलेल्या हिनकलमध्ये बसून लिहिते आहे, म्हणून ते मला जास्त जाणवतं. हिनकल हे हुणसूर रस्त्यावरचं जुनं गाव. आता उड्डाणपूल झाला आणि भाड्याची घरं वाढली, तरी नन्नेश्वराच्या देवळाभोवती गाव शिल्लक आहे. इथून शहराकडे निघालं की मानसगंगोत्री लागते, आणि तिथे १९६९ साली स्थापन झालेलं भारतीय भाषा संस्थान. राष्ट्रीय अनुवाद मिशनही तिथेच. उच्च शिक्षणातली पुस्तकं भारतीय भाषांत आणणं हे त्याचं काम. तौलनिक साहित्यात एम.ए. करून अनुवादावर पोट भरणाऱ्या बाईला हा शेजार बरा वाटतो. पण कॉलेजात पाऊल टाकणाऱ्या मुलाच्या हातात पुस्तकाच्याही आधी जे पडतं, ती नियमांची पुस्तिका, बहुधा इंग्रजीतच राहते. तो खाली सही करतो आणि ती घडी घालून ठेवून देतो.

दोन वर्षांपूर्वी अशी एक पुस्तिका माझ्याकडे मराठी करायला आली. कोल्हापूरकडचं एक कॉलेज कम्युनिटी कॉलेजच्या योजनेतले पदविका अभ्यासक्रम चालवतं. विद्यार्थी बारावी झालेले, बरेचसे नोकरी करणारे, काही लग्न झालेल्या बाया. बेचाळीस पानांत हजेरी, उशीर, गृहपाठ, परीक्षा, वर्तन आणि नक्कल यांचे नियम होते.

कम्युनिटी कॉलेज ही कल्पना मूळची अमेरिकेची. शिकागोजवळच्या जोलिएट गावात १९०१ साली पहिलं सार्वजनिक कनिष्ठ महाविद्यालय निघालं. ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रुळलं ते १९४७च्या ट्रुमन आयोगानंतर. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाची योजना २०१३च्या सुमारास आली. वर्षाला ६० श्रेयांक, त्यातले ३६ कौशल्याचे आणि २४ सामान्य शिक्षणाचे, अशी तिची बांधणी. हाताला काम शिकवायचं, पण माणसाला नुसता हात समजायचं नाही, असा त्या विभागणीचा अर्थ मी लावते.

पुस्तिकेच्या अकराव्या पानावर मला ती कुठून आली ते कळलं. तिथे लिहिलं होतं की जोरदार बर्फवृष्टी झाल्यास सकाळचे वर्ग रद्द होतील आणि विद्यार्थ्यांनी स्थानिक रेडिओ ऐकावा. पंचगंगेला पूर आला तर काय करायचं, याबद्दल मात्र एक ओळ नव्हती. कुण्या अमेरिकन कॉलेजची पुस्तिका उचलून तिच्यातली नावं बदलली होती. दुसऱ्याचं लिखाण नाव न देता वापरणं हा गंभीर गुन्हा आहे, हे सांगणारं प्रकरणही त्यातच होतं. मी हसले, आणि मग कामाला लागले.

पहिला अडसर ‘अपेक्षित’ या शब्दाचा. इंग्रजीत जवळपास प्रत्येक नियम विद्यार्थ्याकडून अमुक अपेक्षा आहे, असं म्हणत होता. मराठीत ते ‘अपेक्षित आहे’ असं सहज होतं, आणि आपल्या सरकारी परिपत्रकांनी तो शब्द घासून गुळगुळीत केलेला आहे. मसुदा झाल्यावर मी तिथल्या एका प्राध्यापिकेला विनंती केली की सात-आठ विद्यार्थ्यांना बसवा आणि फोनवर मला वाचून दाखवू द्या. वाचता वाचता एका मुलीनं थांबवलं.

“मॅडम, अपेक्षित आहे म्हणजे नाही केलं तरी चालतंय का?”

मागून एक मुलगा म्हणाला, “चालतंय कुठलं! अपेक्षित म्हणजे करायलाच लागतंय, फक्त सांगताना गोड सांगतात.”

दोघांचंही बरोबर होतं, आणि म्हणून तो शब्द कामाचा नव्हता. नियम मोडल्यावर काय होणार हे जिथे लपलेलं असतं, तिथे ते फक्त आधीपासून माहीत असणाऱ्यालाच कळतं. ज्याचा मोठा भाऊ कॉलेजात गेला, ज्याच्या वडिलांना प्राध्यापकांशी बोलायची सवय आहे, त्याला ‘अपेक्षित’चा खरा अर्थ घरीच कळतो. घराण्यातून पहिल्यांदा कॉलेजात येणाऱ्याला तो दंड भरून कळतो. मी प्रत्येक ‘अपेक्षित’ फोडला. ‘करावंच लागेल’, ‘केलं तर बरं’ आणि ‘नाही केलं तर हे होईल’ अशी तीन तऱ्हेची वाक्यं केली. काही ठिकाणी यातलं नेमकं कुठलं, ते कॉलेजलाच ठाऊक नव्हतं. तिथे मी समासात प्रश्नचिन्ह घातलं.

दुसरा शब्द हजेरी. ७५ टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येणार नाही, हा नियम आपल्याकडे इतका सर्वत्र आहे की तो कुणी वाचतही नाही. पण हजेरी हा साधा शब्द नाही. मराठीत एखाद्याची हजेरी घेतली म्हणजे त्याला फैलावर घेतलं. गुन्हेगार जमातींच्या कायद्यांची सुरुवात १८७१ साली झाली, आणि त्या काळात जन्मानंच संशयित ठरवलेल्या माणसांना ठरावीक वेळी जाऊन हजेरी द्यावी लागे. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली महार, मांग, रामोशी, बेरड यांच्या मागची ही हजेरी बंद केली. त्याच जिल्ह्यातल्या मुलांसाठी मी हा शब्द लिहीत होते. आणि आजच्या बांधकामावर हजेरी म्हणजे दिवसाची मजुरी. अर्धा दिवस काम केलं तर अर्धी हजेरी.

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत हेल्पर असलेला एकजण त्या फोनवर होता. त्याची पाळी आठवड्याला बदलायची. एक आठवडा सकाळची, एक आठवडा दुपारची. वर्ग फक्त सकाळी. त्यानं अगदी शांतपणे हिशेब सांगितला. “मॅडम, दुपारपाळीच्या आठवड्यात एकबी दिवस बुडवला नाही, तरी पन्नास टक्केच भरत्यात. पंचाहत्तर कुठनं आणू? कॉलेजची हजेरी लावायची तर कामावरची हजेरी बुडती.”

या वाक्यात एकच शब्द दोनदा आला आणि त्याचे दोन अर्थ एकमेकांना भिडले. हा मुलगा आळशी नव्हता, बेशिस्तही नव्हता. नियम त्याला पाळता येण्यासारखाच नव्हता. इथे हेब्बाळकडे एका मोठ्या आयटी कंपनीचं प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे नव्यानं भरती झालेल्या पदवीधरांना शिकण्याच्या दिवसांचाही पगार मिळतो. तिथे हजेरीचे हे दोन अर्थ एकाच जागी असतात. शिरोलीत ते दोन वेगळ्या फाटकांआड आहेत.

कामकरी माणसाचा दिवस आधी बघायचा आणि मग वेळापत्रक ठरवायचं, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. १८५५ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली, कारण दिवस त्यांच्या मालकीचा नव्हता. १९४६ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं तेव्हा वर्ग सकाळी लवकर ठेवले, म्हणजे मुलांना पुढे नोकरीवर जाता यावं. १९६७ साली वरळीला पहिलं श्रमिक विद्यापीठ निघालं ते गिरणी आणि कारखान्यांतल्या कामगारांसाठी. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आलं आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ म्हणत शिक्षणच विद्यार्थ्याकडे निघालं. शिस्त यातल्या कुणीच सोडली नव्हती. शिकायला येणारा माणूस उरलेला दिवस कुठे असतो, हे त्यांनी आधी विचारलं होतं, एवढंच. बर्फवृष्टीचा नियम उचलून आणणाऱ्याला ते विचारायचं सुचलं नाही.

सर्वांत अवघड प्रकरण शेवटचं होतं, नकलेचं. कोशात ‘वाङ्मयचौर्य’ हा शब्द आहे. तो वापरला तर मुलांना वाटणार की हे लेखक-कवींच्या भानगडींबद्दल आहे. ‘कॉपी’ म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती परीक्षेतली चिठ्ठी. महाराष्ट्रात १९८२ पासून तिच्याविरुद्ध स्वतंत्र कायदाच आहे. पण पुस्तिकेला म्हणायचं होतं ते वेगळंच. घरी बसून लिहिलेल्या निबंधात दुसऱ्याचे परिच्छेद जसेच्या तसे घालणं. आणि आपली मुलं ते वाईट हेतूनं करत नाहीत. दहावीपर्यंत त्यांना काय शिकवलं होतं? गाईडमधलं उत्तर शब्द न बदलता लिहिलं तर पूर्ण गुण. पाठ केलेल्या निबंधाला शाबासकी. सतराव्या वर्षापर्यंत ज्या गोष्टीची बक्षिसं मिळाली, तिला अठराव्या वर्षी चोरी म्हणायचं, आणि मधे कुणी एक तासही त्यावर घ्यायचा नाही, हे न्यायाचं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८चे नियम मुख्यतः संशोधनाच्या लिखाणासाठी आहेत, पण त्यांतही पायऱ्या आहेत. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत असेल तर प्रबंध दुरुस्त करून परत द्यायचा. ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणी रद्द. पीएच.डी. करणाऱ्याला सुधारायची संधी आणि पदविकेच्या पोराला पहिल्याच खेपेला नापास, असं माझ्यासमोरची पुस्तिका म्हणत होती.

शब्द शोधताना मी खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंना विचारलं की कन्नडमध्ये याला काय म्हणता. “नकलु,” त्या म्हणाल्या. “झेरॉक्सलाही नकलु आणि परीक्षेतल्या चोरीलाही नकलुच.” त्यांच्या बोलण्यानं माझ्या स्वतःच्या भाषेकडे माझं लक्ष गेलं. आपल्याकडेही नक्कल बदनाम आहे आणि प्रतिष्ठितही. तलाठ्याकडून सातबाराची नक्कल आणावी लागायची. कोर्टातून निकालाची नक्कल मिळते. आणि तिच्यावर शिक्का असतो: ‘खरी नक्कल’. ही दोन शब्दांची जोडी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याच्या पोराला माहीत असते. नक्कल खरी कशानं होते? मूळ कागद कुठला, तो कुणाच्या ताब्यात आहे आणि नक्कल कुणी केली, हे खाली लिहिलं म्हणजे. नाही लिहिलं तर तोच कागद खोटा.

मी त्या प्रकरणाच्या सुरुवातीला कॉलेजच्या परवानगीनं चार वाक्यं घातली. दुसऱ्याचं वाक्य घ्यायला बंदी नाही. घेतलं तर ते अवतरणात ठेवा, मूळ कुणाचं आणि कुठल्या पुस्तकातलं ते खाली लिहा. सातबाराच्या नकलेवर शिक्का असतो, तसा हा तुमच्या वाक्यावरचा शिक्का. शिक्का नसेल तर पहिल्या वेळी लिखाण परत मिळेल, दुरुस्त करून द्या. फोनवर हे वाचून दाखवलं तेव्हा कुणी काही विचारलं नाही. फक्त ‘अपेक्षित’वाली मुलगी म्हणाली, “एवढंच होय?”

एवढंच. पण ते सांगायला तिच्या ओळखीचा कागद लागला.

कॉलेजनं काय स्वीकारलं, तेही सांगायला हवं. बर्फ गेला, त्याच्या जागी पुराचे दिवस आले. नकलेचं प्रकरण मी दिलं तसं छापलं. पाळीत काम करणाऱ्यांसाठी प्रात्यक्षिकांची एक संध्याकाळची तुकडी सुरू झाली आणि तिथली उपस्थिती धरली जाऊ लागली. ७५ टक्के मात्र ७५च राहिले. ते आमच्या हातात नाही, असं उत्तर आलं. फाउंड्रीतला मुलगा संध्याकाळच्या तुकडीमुळे आता साठ-पासष्टपर्यंत पोचतो, असं प्राध्यापिकाबाई सांगतात. उरलेल्यासाठी तो दर सहामाहीला कारखान्याचं पत्र जोडून अर्ज करतो.

त्या अर्जाचा नमुना पुस्तिकेत नव्हता. तो मी शेवटच्या पानावर जोडून दिला, मराठीत, एका पानाचा. खाली दोन सह्यांची जागा आहे: एक विद्यार्थ्याची आणि एक कॉलेजची.