ओटीपी त्याच्या मोबाइलवर

गुरुवार, १२ जून २०२५. बोईसर

दुपारी तीनपासून टेम्पो गाळ्यासमोर उभा. वापीच्या कंपनीला फिल्टरच्या पिशव्या जायच्या होत्या, माल लाखाच्या वरचा. राज्याबाहेर ५०,००० रुपयांच्या वरचा माल ई-वे बिलाशिवाय हलवता येत नाही, आणि बिल काढायचं तर पोर्टल आम्हाला आत घेईना. युजरनेम बरोबर, पासवर्ड बरोबर, पुढे ओटीपी. आधी तो मोठ्या उलाढालीवाल्यांनाच लागायचा, यंदाच्या १ एप्रिलपासून सगळ्यांना लागतो. आमचा ओटीपी येतो सिस्टीमवाल्याच्या मोबाइलवर. एप्रिल-मेमध्ये तो फोनवर आकडे सांगायचा, आम्ही टाकायचो. आज फोन उचलत नव्हता. कारण उघड आहे. एएमसीची, म्हणजे वार्षिक देखभालीची, रक्कम त्याने वाढवून मागितली, गाळ्याचे मालक असलेले भाऊजी "बघू" म्हणाले, आणि भाऊजींच्या "बघू"चा अर्थ अख्ख्या एमआयडीसीला ठाऊक आहे.

सहा वाजता मेसेज आला, "मीटिंगमध्ये होतो काकू", सोबत ओटीपी. तो कधीच शिळा झाला होता. पुन्हा मागवला तर पुन्हा शांतता.

शेवटी वापीला फोन लावला. ई-वे बिल माल पाठवणाऱ्यानेच काढावं असं नाही. माल घेणाऱ्यालाही आपल्या लॉगिनवरून काढता येतं, नोंदणी असलेल्या ट्रान्सपोर्टरलाही. आमचा टेम्पोवाला नोंदणीबिंदणीतला नव्हे. वापीच्या खरेदी विभागातल्या मुलीला आमच्या बिलाचा फोटो पाठवला, तिने अर्ध्या तासात ई-वे बिल काढून दिलं. टेम्पो चिल्हार फाट्याच्या रस्त्याला लागला. भाऊजी म्हणाले, "वहिनी, झालं की काम." आपल्या मालाचा कागद गिऱ्हाइकाला काढून द्यावा लागला, याला काम होणं म्हणत असतील तर झालं.

शुक्रवार, १३ जून. पालघर

आज गाळ्याला सुट्टी. पाऊस धरून बसलाय. सकाळी एक वही घेतली आणि धंद्याची जेवढी म्हणून खाती आहेत तेवढी एकाखाली एक लिहिली. पासवर्ड कुणाला ठाऊक आहे, हे विचारण्यात अर्थ नाही, तो आम्हालाही ठाऊक आहे. प्रत्येक खात्यापुढे एवढंच लिहिलं: पासवर्ड विसरला तर नवा कुणाकडे येईल?

जीएसटी: त्याचा मोबाइल, त्याचाच ईमेल. ई-वे बिल: जीएसटीत जो नंबर तोच. वेबसाइटचं डोमेन: त्याचा ईमेल. कंपनीचे मेल: अ‍ॅडमिन तो. टॅलीचा परवाना: खातं कंपनीच्या मेलवर, म्हणजे फिरून तोच. नकाशावर गाळा दिसतो ती नोंद, वायफायचा राउटर, सीसीटीव्ही: तो, तो आणि तो. सगळ्या वहीत एकटी बँक तेवढी भाऊजींच्या नंबरवर. तेही आमच्या शहाणपणाने नव्हे. बँकेने माणूस आणि सही समोर पाहिल्याशिवाय नंबर जोडायलाच नकार दिला होता, म्हणून.

मी स्वतः बँकेत उमेदीची वर्षं काढली. तिजोरीला दोन चाव्या असत आणि त्या दोघांकडे असत. मॅनेजर कितीही सज्जन असला तरी दुसरी चावी त्याच्याकडे जात नसे. इथे दोन्ही चाव्या बाहेरच्याकडे, आणि आम्ही दारात टेम्पो घेऊन उभे.

मात्र त्याला चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा अर्ध्या एमआयडीसीची नोंदणी ज्याच्याकडे कॉम्प्युटर चालू होता त्याने केली. पोर्टल रात्री बाराला जरा हलायचं. त्या वेळी ओटीपीसाठी भाऊजींना झोपेतून उठवण्यापेक्षा त्याने स्वतःचा नंबर टाकला. भाऊजींना तेव्हा ती सोयच वाटली असणार.

शनिवार, १४ जून. पालघर

वकीलसाहेबांकडे. ऐकल्याबरोबर त्यांनी माहिती तंत्रज्ञान कायदा २००० काढला. कलम ४३: ज्याला कॉम्प्युटर वापरायचा अधिकार आहे त्याची वाट अडवली तर भरपाई. तेच अप्रामाणिकपणे केलं तर कलम ६६, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भरपाईचा दावा पाच कोटींपर्यंत असेल तर तो न्यायनिर्णय अधिकारी असलेल्या राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतो, दिवाणी कोर्टात नाही. "सोमवारी नोटीस धाडू," म्हणाले.

मी म्हटलं, थांबा. एक तर त्याची मागची थकबाकी खरी आहे. डोमेनचे पैसे गेली दोन वर्षं त्याने पदरचे भरलेत. दुसरं, नोटीस हातात पडल्यावर त्याने काय पुसावं, काय बदलावं, यावर आपला काहीच ताबा नाही. आधी आपल्या हाताने जेवढं सोडवता येतं तेवढं सोडवू. टॅलीचा बॅकअप आणि मेलची प्रत आजच काढून पेनड्राइव्हवर घेतली.

वकीलसाहेबांचा चेहरा पडला. नोटिशीची फी गेली ना.

रविवार, १५ जून

रात्री भाच्याने अमेरिकेतला एक किस्सा पाठवला. सॅन फ्रान्सिस्को महापालिकेच्या नेटवर्कचा इंजिनीअर, टेरी चाइल्ड्स. जुलै २००८ मध्ये वरिष्ठांना पासवर्ड द्यायला तो तयार होईना, अटक झाली तरी देईना. शेवटी महापौर गॅव्हिन न्यूसम स्वतः तुरुंगात जाऊन भेटले तेव्हा त्यांच्याच हाती त्याने ते दिले. २०१० मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. मला गंमत वाटली ती वेगळीच: या सगळ्या दिवसांत नेटवर्क एकदाही बंद पडलं नव्हतं. सगळं चालू होतं, फक्त शहराला स्वतःच्या यंत्रणेत हात घालता येत नव्हता. आमचंही काय बंद पडलंय? शिलाई मशिनं चालू आहेत, मेल येतायत.

सोमवार, १६ जून

जीएसटी कार्यालयात, भाऊजींना घेऊन. त्यांना मालकाचा हात धरून न्यावं तसं नेलं, कारण इथे मालक समोर लागतो.

हा आजार आमचा एकट्याचा नाही. २०१८ सालीच अर्थ मंत्रालयाने यावर सूचना काढली होती: मध्यस्थांनी नोंदणी करताना आपलाच ईमेल आणि मोबाइल टाकला आणि आता ते माहिती देत नाहीत, अशा तक्रारी येत आहेत, तेव्हा करदात्याने आपल्या क्षेत्राच्या कर अधिकाऱ्याकडे जावं. आपलं क्षेत्र राज्याकडे की केंद्राकडे, तेही पोर्टलवर लॉगिन न करता कळतं. ‘सर्च टॅक्सपेयर’मध्ये नंबर टाकला की खाली दिसतं. हे न बघता चुकीच्या कार्यालयात जाऊन दिवस घालवलेले लोक आज बाकावर भेटलेच.

मॅडमनी आधी मालक म्हणून नोंदीत भाऊजीच आहेत का ते पाहिलं. मग पॅन, आधार, नोंदणीचा दाखला, गाळ्याचं वीजबिल, अर्ज. कागद तपासून त्या ते चढवतात, नवा ईमेल आणि मोबाइल टाकतात, आणि तात्पुरता पासवर्ड नव्या ईमेलवर येतो. मधल्या माणसाची परवानगी कुणी विचारत नाही. मला वाटलं होतं त्याची संमती, निदान ना-हरकत तरी मागतील. मॅडम म्हणाल्या, "त्यांचा संबंध काय? नोंदणी यांची आहे."

नवा ईमेल मी मुद्दाम कंपनीच्या डोमेनवरचा दिला नाही, भाऊजींचा साधा जीमेल दिला. कंपनीचा दिला असता तर तो परत सिस्टीमवाल्याच्याच अंगणात गेला असता.

गुरुवार, १९ जून

मेल आला. नवं युजरनेम, नवा पासवर्ड. मग ई-वे बिलाच्या पोर्टलवर जीएसटीतला बदललेला नंबर ओढून घेतला. हे आपोआप होत नाही, मुद्दाम करावं लागतं. दुपारी भाऊजींच्या फोनवर पहिला ओटीपी वाजला. त्यांनी तो मला वाचून न दाखवता स्वतः टाकला, दोनदा चुकून.

उद्या २० तारीख, थ्री-बी या जीएसटी विवरणपत्राची शेवटची. उशीर झाला असता तर दिवसाला ५० रुपये आणि थकलेल्या करावर १८ टक्के व्याज. आज रात्रीच भरून टाकलं.

मंगळवार, २४ जून. बोईसर

आता डोमेन. खरं मूळ हेच. मेल त्याच्यावर, मेलवर टॅली. नोंदीत मालक म्हणून त्याच्या दुकानाचं नाव, मुदत ऑगस्टअखेर. डॉट इन नावांचा कारभार निक्सी या संस्थेकडे, आणि भांडण झालं तर तिच्या नियमांनुसार लवाद बसतो. तिथे नावावर आपला हक्क आहे, समोरच्याचा नाही आणि त्याने ते वाईट हेतूने घेतलं किंवा वापरतोय, हे तिन्ही दाखवावं लागतं. तिसरं मी शपथेवर सांगू शकणार नाही. त्याने ते घेतलं तेव्हा हेतू वाईट नव्हता, आळशी होता.

दिवसभर वीज ये-जा करत होती. १९६९ पासून इथून हाकेच्या अंतरावर अणुवीज तयार होते, आणि आम्ही इन्व्हर्टरवर.

मंगळवार, १ जुलै

त्याला स्टेशनजवळच्या हॉटेलात बोलावलं. भाऊजींना आणलं नाही. मिसळ मागवली आणि थकबाकीचा चेक आधी टेबलावर ठेवला, त्याच्या शेजारी ताब्याची यादी. तो यादीकडेच बघत राहिला.

"काकू, तुम्ही जीएसटी परस्पर बदललंत."

"अरे, परस्पर कसं? ज्याचं आहे त्याने बदललं."

बराच वेळ कुरकुरला. भाऊजी आठ वर्षांत एकदा नीट बोलले नाहीत, रात्री-अपरात्री राउटर सुरू करायला फोन, आणि एएमसी वाढवायची म्हटली की "बघू". सगळं खरं होतं. एएमसी आम्ही पुढे चालू ठेवणार नाही, हेही मी सांगितलं. मग त्याने तिथेच लॅपटॉप उघडला आणि आमच्या नव्या खात्यासाठी डोमेनचा ट्रान्सफर कोड दिला. चेक खिशात घातल्यावर पावतीवर सहीही केली.

मेलच्या अ‍ॅडमिनपाशी गाडी अडली. ते खातं त्याच्या जुन्या पोऱ्याच्या नावाने उघडलेलं. पोरगा दुबईला गेला, जुना नंबर बंद. सात वर्षं हे खातं उघडायची त्यालाही गरज पडली नव्हती! आमच्या नाड्या ज्याच्या हातात म्हणून मी धास्तावले होते, त्याच्याही हातात त्या नव्हत्या.

सोमवार, ७ जुलै

काल एकादशी, उपवासाच्या साबुदाण्याबरोबर काम उरकलं. आमचे मेल गूगलवर, आणि डोमेन आपल्या हाती असलं की गूगल एक वाट देतं: ते सांगतील ती सीनेमची ओळ डोमेनच्या नोंदीत घालायची. ती तिथे दिसली म्हणजे डोमेन आपलं, आणि मग अ‍ॅडमिनचा पासवर्ड नव्याने मिळतो. दुबईतल्या पोराला शोधायची गरजच पडली नाही. आज सकाळी अ‍ॅडमिन आम्ही. एक खातं भाऊजींच्या नावाने, दुसरं माझ्या, आणि आणीबाणीचे कोड कागदावर छापून बँकेच्या लॉकरमध्ये. टॅलीचं मग पाच मिनिटांत झालं. नकाशावरच्या नोंदीसाठी मालकी मागितली आहे, जुन्या मालकाला उत्तर द्यायला तीन दिवस असतात.

सीसीटीव्ही राहिलाय. डीव्हीआर रिसेट करायला जो येईल म्हणाला तो अजून येतोय.

शुक्रवार, ११ जुलै

जीएसटीआर-वन भरलं, ओटीपी भाऊजींच्याच फोनवर. सुट्टी असूनही ते गाळ्यावर आले होते, नव्या सिस्टीमवाल्याला भेटायला. त्याने आल्या आल्या अ‍ॅडमिन पासवर्ड मागितला. त्याला वेगळं युजर करून दिलं, लागेल तेवढ्याच अधिकाराचं. जरा नाराज झाला.

शेजारचे डाइंगवाले काका चहाला आले, सगळी हकीकत ऐकली. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर त्यांच्या संमतीपत्राचं नूतनीकरण सल्लागार करतो. मी विचारलं, लॉगिनला नंबर कुणाचा? त्यांनी तिथूनच स्पीकरवर फोन लावला.

"अहो, तुम्हाला कशाला हवाय तो? मी आहे ना."

काका सोमवारी नोंदणीचे कागद घेऊन येतो म्हणालेत.