डाग आणि चौकशी

आपल्या घरांतून ‘डाग’ हा शब्द वस्त्रापेक्षां कुळाविषयींच अधिक वेळां उच्चारला जातो. म्हणूनच कीं काय, खराखुरा डाग पडला तरी आपण पाण्याकडे धावण्याऐवजीं प्रथम गुन्हेगाराकडे धावतों. डागाला मात्र आपल्या न्यायनिवाड्याशीं कांहीं कर्तव्य नसतें. तो शांतपणें धाग्यांत मुरत असतो.

गेल्या हिवाळ्यांत मुलुंडच्या आमच्या घरीं याचा प्रत्यय आला. पुतण्याचे कचेरींतील स्नेही जेवावयास आले होते. त्यांच्यापैकीं एकानें नाशिककडील तांबड्या द्राक्षमद्याची बाटली आणली होती. २००१ सालीं महाराष्ट्र सरकारनें द्राक्षप्रक्रियेस उत्तेजन देणारें धोरण जाहीर केल्यापासून तिकडे हा धंदा वाढला, हें खरें. पण आमच्या दिवाणखान्याचा उंबरठा त्या पेयानें तोंपर्यंत ओलांडला नव्हता. एका पाहुण्याच्या हाताचा धक्का लागला आणि अर्धा प्याला सासूबाईंच्या लोकरी गालिच्यावर सांडला. थोरल्या दिरांनीं वर्तमानपत्र खालीं ठेवून गंभीरपणें विचारलें, “हें घरांत आणलें कोणीं?” पुतण्याचा चेहरा उतरला. कोणी हालेना.

८२ वर्षांच्या सासूबाई मात्र खुर्चींतून पुढें वांकल्या. “अरे, चौकशी उद्यां सकाळीं कर. आधीं धुतलेलीं पांढरीं फडकीं आण,” असें त्यांनीं दिरांनाच फर्मावलें.

त्यांचें बालपण सावंतवाडीकडे गेलेलें. जांभळाच्या आणि कोकमाच्या डागांशीं त्यांची जुनी ओळख. ती येथें उपयोगी पडली यांत नवल नाहीं. काळ्या द्राक्षाची साल, जांभूळ आणि कोकम यांचीं रंगद्रव्यें एकाच कुळांतलीं आहेत. शास्त्रज्ञ त्यांस अँथोसायनिन म्हणतात. हा रंग आम्लांत तांबडा राहतो, क्षारांत निळसर-हिरवट होतो. म्हणून धुण्याचा सोडा लावल्यास डाग केवळ वेष पालटतो; शिवाय लोकर बिघडते ती निराळीच.

रीत साधी आहे. फडकें दाबून ओल टिपून घ्यावी. घांसूं नये, कारण त्यानें रंग धाग्याच्या बुडाशीं जातो. कडेकडून मध्याकडे यावें, म्हणजे डाग पसरत नाहीं. मग थंड पाणी थोडथोडें शिंपडून पुनःपुन्हां टिपावें. फडक्यास रंग येईनासा झाला, कीं एक भाग पांढरें व्हिनेगर व दोन भाग पाणी हें मिश्रण आधीं गालिच्याच्या झांकलेल्या कोपऱ्यावर लावून पाहावें आणि मगच डागावर वापरावें. तांबड्या मद्यावर पांढरें मद्य ओतावें असें कोणी सांगतात. त्यानें जें साधतें तें पाण्यानेंही साधतें. ब्लीच लोकरीस कदापि लावूं नये. तें व्हिनेगरमध्यें मिसळलें तर विषारी क्लोरीन वायु सुटतो. शेवटीं पंख्याखालीं गालिचा दोन्ही बाजूंनीं कोरडा करावा, नाहींतर कुबट वास धरतो.

त्या रात्रीं दीर आणि पुतण्या समोरासमोर गुडघे टेकून अर्धा तास टिपत होते. फडकें देण्याघेण्यापलीकडे बोलणें झालें नाहीं. पण एकमेकांच्या हातांतून फडकीं घेतां घेतां आवाजांतला कडवटपणा ओसरला. सकाळीं चौकशी झाली आणि निर्णय कडकच लागला: प्याला या घरांत नको, स्नेही मात्र खुशाल यावेत. पुतण्यानें तो पाळण्याचें कबूल केलें. आपलें मत बदललेलें नाहीं, हेंही सांगितलें. पूर्वीं अशाच एका वादानंतर तो बोरिवलीकडे वेगळें बिऱ्हाड पाहूं लागला होता. या वेळीं तो विषय निघाला नाहीं.

गालिच्यावर उन्हांत निरखून पाहिल्यास फिकट छटा अजून दिसते. ती पाहून सासूबाईंना वाईट वाटत नाहीं. वाचकभगिनींस माझें सांगणें इतकेंच, कीं कपाटाच्या खालच्या खणांत जुन्या पांढऱ्या धोतराचीं फडकीं नेहमीं घडी करून ठेवावींत, आणि कांहीं सांडलें कीं ज्याला राग अधिक आला असेल त्याच्याच हातीं पहिलें फडकें द्यावें.