ऐकून शिकलेली भाषा

भाषाविज्ञानाच्या अध्यापकाने संगणकाच्या जोडणीविषयी लिहावे, याचे कुणास नवल वाटेल. परंतु दोन संगणक परस्परांशी बोलू पाहतात तेव्हाही मूळ प्रश्न भाषेचाच असतो.

छत्रपती संभाजीनगर परिसरातील मराठवाडी बोलीचे आणि जुन्या शहरातील दखनीचे नमुने मी अनेक वर्षे ध्वनिमुद्रित करीत आलो आहे. ज्यांचे आवाज त्यांत आहेत, त्यांपैकी काही वृद्ध आज हयात नाहीत. हे ध्वनिमुद्रण विद्यापीठीय नेटवर्कवरील सामायिक साठ्यात असते. तो साठा विंडोजच्या रीतीने मांडलेला; माझ्या जुन्या संगणकावर मात्र विनामूल्य मिळणारी लिनक्स प्रणाली. विंडोज अशा साठ्याशी ‘एसएमबी’ नावाच्या नियमावलीने बोलते. लिनक्सला ही परभाषा कोणी शिकविली?

१९९१च्या अखेरीस कॅनबेरा येथील विद्यापीठात अँड्र्यू ट्रिजेल नावाचा संशोधक विद्यार्थी या कामाला लागला. नियमांचे पुस्तक हाती नसताना दोन संगणकांमधील संदेशांची देवाणघेवाण तो न्याहाळत राहिला आणि तीवरून त्याने नियम ताडले. कॅफेत बसून, भोवतालची बोलणी ऐकत फ्रेंच शिकावी, तशी ही पद्धत, असे त्यानेच पुढे सांगितले. त्यातून ‘सांबा’ ही प्रणाली घडली. अपरिचित बोलीचा अभ्यासक क्षेत्रकार्यात याहून वेगळे काय करतो? तोही आधी ऐकतो, मग व्याकरण मांडतो.

आज हे काम सोपे आहे. लिनक्सच्या फाइल व्यवस्थापकात पत्त्याच्या जागी ‘एसएमबी’, अपूर्णविराम, दोन तिरप्या रेघा आणि सर्व्हरचे नाव लिहावे. विद्यापीठाने दिलेले वापरकर्तानाम व पासवर्ड भरावा. घरून जोडणी करावयाची असल्यास बहुधा आधी व्हीपीएन सुरू करावे लागते. साठा जोडण्याच्या क्रियेस ‘माउंट’ म्हणतात. लिनक्समध्ये सर्व फोल्डर एकाच वृक्षाच्या शाखा असतात. दूरचा साठाही त्यांतील एका शाखेवर येऊन बसतो. मलिक अंबरने बांधविलेल्या नहरीचे पाणी डोंगराकडून शहरातील हौदांत येई. ते भरणाऱ्याला ओंजळीपुढचे पाणी आपल्याच अंगणातले वाटे. तसेच हे आहे.

मराठीच्या अभ्यासकाने एक बारकावा ध्यानी ठेवावा. ‘शेतकऱ्यांची गाणी’ या नावातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका संकेताने लिहिता येतो, तसाच ‘र’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांनीही. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच. लिनक्स मात्र सामान्यतः संकेतांची रांग पाहते. त्यामुळे दिसायला एकच नाव असलेल्या दोन फाइली एका फोल्डरात नांदू शकतात, आणि शोध घेताना एक सापडून दुसरी निसटते. म्हणून विभागाने नावे लिहिण्याची एकच रीत ठरवावी; प्रमाणलेखनाचे महत्त्व येथेही आहेच.

नोकरी व संसार सांभाळून शिकणाऱ्या विद्यार्थ्याने केवळ महागडी प्रणाली विकत घेता आली नाही म्हणून आपल्याच आजीच्या बोलीला मुकावे, हे न्याय्य नाही. ज्ञानाचा साठा सामायिक म्हणविला जातो, त्याची भाषाही सामायिक असावी लागते. ती कोणी देत नसेल, तर ऐकून शिकता येते, हे एका विद्यार्थ्याने दाखवून दिले आहे.