ढगातलं जंगल आणि मुलांचा प्रश्न



परिसर अभ्यासात जलचक्र शिकवताना आपण सगळेच फळ्यावर तीच आकृती काढतो. समुद्र, वर जाणारी वाफ, ढग आणि खाली पडणारा पाऊस. डी.एड.ला असताना पाठ टाचणात मी ती कितीदा काढली असेल! त्या आकृतीत न मावणारं पाणी मात्र मी मागच्या उन्हाळी सुट्टीत पाहिलं.

माझा भाऊ नोकरीनिमित्त अमेरिकेत असतो. त्याच्या कुटुंबासोबत आम्ही मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका या छोट्या देशात गेलो. राजधानी सान होसेपासून काही तासांच्या वळणावळणाच्या रस्त्याने मोंतेवेर्दे येतं. उंची साधारण १४०० मीटर, म्हणजे जवळपास आपल्या महाबळेश्वरएवढी.

जंगलात शिरलो तेव्हा पाऊस नव्हता, तरी टोपीवर टपटप थेंब पडत होते. कॅरिबियन समुद्रावरून येणारे वारे हे डोंगर चढतात, थंड होतात आणि ढग थेट झाडांमधूनच वाहू लागतात. ढगातले बारीक थेंब पानांना, फांद्यांवरच्या मॉसला चिकटतात, एकत्र येतात आणि खाली गळतात. म्हणजे इथलं जंगल पावसाची वाट बघत बसत नाही, ढगातून पाणी काढून घेतं! एकेका फांदीवर ऑर्किड, नेचे, मॉस यांची दाटी. आंबोलीला पावसाळ्यात आपण असं थोडंफार बघतो, पण तिथे हे जवळजवळ वर्षभर चालतं.

हे जंगल टिकलं कसं? अमेरिकेतल्या अलाबामातून काही क्वेकर कुटुंबं १९५१ मध्ये इथे येऊन राहिली. त्यांना सक्तीची लष्करभरती मान्य नव्हती आणि कोस्टा रिकाने १९४८ मध्येच सैन्य बंद केलं होतं. शेती आणि दूधदुभत्यासाठी त्यांनी जमीन घेतली, पण ओढे जिथे उगम पावतात तो वरचा भाग तोडला नाही. पाणी हवं तर जंगल हवं, इतका साधा हिशोब.

दुसरी गोष्ट आपल्या पेशाची आहे. १९८७ मध्ये स्वीडनमधल्या एका छोट्या गावच्या शाळेत जंगलतोडीबद्दल पाठ चालू होता. "मग आपण काय करू शकतो?" असं नऊ वर्षांच्या रोलंड तिएन्सूने विचारलं. त्याच्या शिक्षिका एहा केर्न यांनी तो प्रश्न "मोठे झाल्यावर बघा" म्हणून पुढे ढकलला नाही. मुलांनी कार्यक्रम करून पैसे जमवले आणि मोंतेवेर्देजवळ सहा हेक्टर जंगल विकत घेतलं गेलं. मग देशोदेशीच्या मुलांनी हातभार लावला. आज ते 'मुलांचं चिरंतन वर्षावन' बावीस हजार हेक्टरांहून मोठं आहे. १९९१ मध्ये या शिक्षिका-विद्यार्थ्याला गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला.

पण सगळंच वाचलं नाही. फक्त इथेच राहणारा एक सोनेरी भेक होता. १९८७ मध्ये डबक्यांजवळ ते हजाराहून जास्त दिसले होते, १९८९ मध्ये एकच दिसला. त्यानंतर कधीच नाही. जंगल राखलेलं असूनही तो गेला. बुरशीचा आजार आणि बदलतं हवामान ही कारणं सांगितली जातात.

जूनमध्ये वर्गात हे सांगितलं, तेव्हा चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, तो परत येणार का?" मी म्हणाले, "नाही गं." वर्ग गप्प झाला. मग मागून आवाज आला, "आपल्या ओढ्यात कोणते बेडूक आहेत?" पुढच्या शनिवारी आम्ही ते बघायला गेलो. आता वर्गात एक वही आहे. त्यात तारीख, जागा आणि बेडकाचं चित्र.

मुलांना खरं सांगितलं तर ती घाबरून बसतील असं आपल्याला वाटतं. माझा अनुभव वेगळा आहे. खरं उत्तर मिळालं की मुलं पुढचा प्रश्न विचारतात. त्या प्रश्नासाठी आपल्या वेळापत्रकात एखादा तास मोकळा हवा, एवढंच.

करून बघा: धुक्याच्या सकाळी मुलांना कोळ्याचं जाळं दाखवा. पाऊस नसताना त्यावर थेंब कुठून आले, ते त्यांनाच शोधू द्या. तुमच्या वर्गातली उत्तरं नक्की कळवा.