सत्काराची शाल

माझ्या कपाटात एक शाल आहे. एका मुलाचा जीव वाचवला म्हणून ती माझ्या खांद्यावर पडली. खरं तर त्या दिवसाबद्दल हातात पडायला हवी होती ती कारणे दाखवा नोटीस.

२०११ चा मे. पिंपरी-चिंचवडमधल्या एका टँकवर मी जीवरक्षक होतो. ‘जलतरण तलाव’ हे नाव फक्त पाटीवर, बोलताना सगळे टँकच म्हणतात. मी मूळचा खेड तालुक्यातला. पाठीला डबा बांधून मला विहिरीत ढकललं, तिथंच शिकलो. चाकणच्या एमआयडीसीत जमीन गेली तशी विहीरही गेली, पण पोहणं अंगात राहिलं. भामा नदीला पाणी आलेलं असताना पलीकडे जाऊन आलो होतो, त्याचा गावात बोलबाला. त्यामुळे जीवरक्षक म्हणजे उडी मारणारा, ही माझी पक्की समजूत. खुर्चीवर बसून पाण्याकडे बघत राहणं मला पगारी आळस वाटायचा.

मे महिन्यात टँकवर जत्राच. पाऊण तासाची बॅच संपली की शिट्टी, हे बाहेर, ते आत. ड्युटीवर असताना शिकवणी घ्यायची नाही, असा नियम होता. मी घ्यायचो, महिन्याला रोख. त्या संध्याकाळी एका साहेबांच्या मुलाला फ्लोटिंग शिकवत कमरेएवढ्या पाण्यात उभा होतो. त्याच्या पोटाखाली माझा हात, तोंडाने ‘गुडघा वाकवू नको’ चाललेलं आणि पाठ खोल बाजूला. जोडीदार चहाला गेला होता. ‘जा रे, मी आहे’ म्हणून मीच त्याला पाठवलं होतं.

“अहो कोच, तो मुलगा तळाला काय करतोय?”

एका कंपनीच्या टूल रूममधून रिटायर झालेले काका. रोजचे. आवाज जराही चढलेला नव्हता, लेथवरचा जॉब तिरका बसलाय हे सांगावं तसा. मी वळलो. ऊन तिरपं आलं होतं, पाण्यावर नुसती चकाकी, तळ दिसेना. दोन पावलं बाजूला सरकलो तेव्हा दिसलं. तळावर फरशीची काळी पट्टी सरळ गेलेली असते. ती एका जागी जाड झाली होती.

उडी मात्र झकास मारली. त्याला काठावर घेतलं आणि दुसरी चूक केली. गावाकडे बुडालेल्याला पालथा घालून पोट दाबताना पाहिलं होतं, तेच सुरू केलं. काकांनी मला कोपराने बाजूला सारलं. कंपनीत त्यांचं प्रथमोपचाराचं ट्रेनिंग झालं होतं. त्यांनी त्याला उताणा केला, हनुवटी वर उचलली, नाक चिमटीत धरून आधी श्वास दिले, मग छातीवर दाब. ३० दाब, २ श्वास, पुन्हा ३०. मोठ्याने मोजत होते. बुडालेल्या माणसाला आधी हवा लागते, पोटातलं पाणी काढायला गेलं तर उलटी छातीत उतरते, हे मी पुढे शिकलो. तिसऱ्या फेरीला तो खोकला, भडभडून ओकला. इतक्या घाण आवाजाने मला इतकं बरं वाटल्याचं दुसरं उदाहरण नाही.

तो किती वेळ खाली होता, हे दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं. सांगता येणारा माणूस मीच असायला हवा होता.

आपल्या ‘गटांगळ्या’ या शब्दानेही घात केला असं मला वाटतं. त्या शब्दातच आवाज आहे. मी कानाच्या भरवशावर पाठ फिरवली होती, कुणी बुडू लागलं तर ऐकू येईलच. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर फ्रँक पिया नावाचा जीवरक्षक होता. त्याने बुडणाऱ्यांचं चित्रण करून १९७० साली दाखवून दिलं की हाका, हात हलवणं यातलं बहुधा काही नसतं. तोंड पाण्याच्या रेषेवर खालीवर होतं, मान मागे, हात बाजूंना पाणी दाबतात, लांबून बघणाऱ्याला वाटावं शिडी चढतोय. हे चालतं २० ते ६० सेकंद. त्यानंतर पाणी शांत. हाक मारायला आधी श्वास लागतो. मी हे वाचलं ते बऱ्याच वर्षांनी. आता नवीन पोरांना पहिल्या दिवशी उडी मारू देत नाही. कुठल्या वेळी कुठल्या जागेवरून तळ दिसत नाही, ते फिरून शोधायला लावतो. पोरं कंटाळतात.

पंधरा दिवसांनी सत्कार झाला. शाल, नारळ, भाषण. ‘प्रसंगावधान’ हा शब्द चारदा आला. शिकवणीचं कुणी काढलं नाही, मीही नाही. काका तिसऱ्या रांगेत होते, टाळ्या वाजवत होते. नारळ रविवारी रश्शात गेला.

तो मुलगा चाकणच्या एका प्लांटमध्ये ट्रेनी होता. फर्स्ट शिफ्ट करून थेट टँकवर आला होता. महिन्याभराने आला तो सेफ्टी शूज न्यायला. आमच्या स्टोअरमध्ये पडून होते. रजा फार झाली म्हणून काम सुटलं होतं, गावी निघाला होता. वाकून माझ्या पायाला हात लावला, म्हणाला, “सर, तुमच्यामुळे.” सांगायला ती चांगली वेळ होती. मी म्हणालो, “जपून जा.”

काका येत राहिले. त्या दिवसाचा विषय त्यांनी कधीच काढला नाही. जूनमध्ये एकदा बॅच सुटल्यावर टॉवेल पिळता पिळता विचारलं, “आज किती जण होते हो पाण्यात?”

“असतील चाळीसेक.”

“त्रेचाळीस,” म्हणाले, आणि चपला घालून निघून गेले.